काउको लिप्सानेनचा बर्चचा महिना

आमच्या इमारतीच्या 'बी' जिन्यात कोण किती वेळा शिंकलं हे मला कुणी सांगावं लागत नाही. भिंती पातळ आहेत आणि देवाने कान चांगले दिलेत. माझ्या डोक्यावरच्या घरातला काउको लिप्सानेन मे महिन्यात पहाटे पावणेपाचला उठायचा आणि पाच वाजेपर्यंत शिंकत राहायचा. पहिली शिंक दमदार, मग एकामागून एक, आणि आठवी-नववीनंतर नुसता फुसका आवाज, कडाक्याच्या थंडीत मोटार सुरू होत नसली की येतो तसा. मी अंथरुणात पडल्या पडल्या मोजायचे. चौदाचा उच्चांक होता. जिन्यात भेटला की विचारायचे, "आज अकराच? बरं नाहीये का?"

"आइली, तुझा नवरा पळून गेला नसता तर त्याच्या मोजल्या असत्यास," तो म्हणायचा आणि बाही नाकाला लावून खाली उतरायचा.

असं आमचं चालायचं. मला वाटायचं, एका धडधाकट माणसाचं नाक गळतंय, त्यात काय रडायचं. मिक्केलीसारख्या गावात माणसाला थट्टेशिवाय करमणूक तरी कुठली.

काउको चार नंबरच्या बसचा ड्रायव्हर. बावीस वर्षं तीच वाट: बाजारचौक, दवाखाना, पूल, शाळा, आमची वस्ती आणि परत. गावातल्या म्हाताऱ्या त्याच्या बसवर घड्याळ लावायच्या. तो बोलायचा कमी. पण कोण कुठे उतरतं हे त्याला पाठ, आणि कुणाच्या हातात पिशव्या असल्या तर बस थांब्याच्या दगडाला अशी चिकटवायचा की पाऊल उचलावं लागू नये. त्याच्या हाताखाली शिकलेली पोरं आता साहेब झाली होती. त्यातलाच एक तार्मो, बस कंपनीत ड्रायव्हरांवरचा अधिकारी. काउको मात्र चाकामागेच राहिला. त्याला दुसरं काही नकोच होतं.

नाकाचं दुखणं पाच वसंतांपूर्वी सुरू झालं. काउको त्याला सर्दी म्हणायचा. सर्दी दर वर्षी बर्फ वितळून पंधरा दिवस झाले की येते आणि जूनमध्ये आपोआप जाते, ही कसली सर्दी, असं त्याने स्वतःला कधी विचारलं नाही. आमच्याकडचा पुरुष पाय मोडला तर डॉक्टरकडे जातो, तेही दोन्ही मोडले तर. नाकासाठी कोण जाईल? आपल्याकडे म्हणतातच, सौना, दारू आणि डांबर यांनी बरा होत नाही तो आजार मरणाचाच. त्याने तिन्ही करून पाहिले. शनिवारी आमच्या तळघरातल्या सौनाच्या खोलीत तो इतकी वाफ करायचा की पुढच्या पाळीला जाणाऱ्या माझ्या भुवया जळायच्या. घशासाठी मिळतात त्या डांबराच्या चवीच्या वड्या चघळल्या. दारूचं मी सांगत नाही, त्याची बायको वाचेल.

मग त्याला नाकात मारायचा तो फवारा सापडला. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो. एकदा मारला की दोन मिनिटांत नाक खुलं, जसं कुणी दार उघडलं. डबीवर लिहिलेलं असतं, आठवडाभरापेक्षा जास्त वापरू नका. काउको चौथ्या वर्षात होता. आधी मे महिन्यापुरता, मग उन्हाळाभर, मग ख्रिसमसलाही, कारण आता फवारा मारला नाही तर नाक जानेवारीतही दगडासारखं बंद. दुकानातल्या बाईने ओळखू नये म्हणून तो तीन दुकानांत आळीपाळीने जायचा. हे मला कसं ठाऊक? मी तिन्ही दुकानांत जाते. एकदा बाजारातल्या दुकानात तो माझ्या पुढे उभा होता, मी मागून म्हटलं, "नेहमीचंच ना, काउको?" तो असा लाल झाला की जणू मी त्याला चोरी करताना पकडलं.

आता राउनीचं सांगते. त्याची बायको. आमच्या अंगणात चटया झटकायची लोखंडी चौकट आहे, शेजारी कपडे वाळवायच्या दांड्या, आणि त्यावर सावली धरून चार बर्चची झाडं. सूचनाफलकावर झटकण्याच्या वेळा लावलेल्या आहेत. त्या वेळा राउनीसाठीच बनवल्यात असं वाटावं. नवरा शिंकतो म्हणजे घरात धूळ आहे, हा तिचा सिद्धान्त. बर्फ गेलं की तिच्या रजया बाहेर. दर शनिवारी उशा, गाद्यांच्या खोळी, चादरी, सगळं दिवसभर मोकळ्या हवेत, संध्याकाळी आत. नवरा जास्त शिंकला तर बुधवारीही. मी स्वतः तिला म्हटलं होतं, "मोकळ्या हवेने आजवर कुणी मेलेलं नाही." मीच म्हटलं होतं. तिच्या चादरींना असा सुंदर वास यायचा की मला हेवा वाटायचा. आणि ती जितकी झटकायची तितका तो शिंकायचा, आणि तो जितका शिंकायचा तितकी ती झटकायची.

गेल्या वर्षीचा वसंत वाईट आला. एप्रिलअखेरीला तीन दिवस एकाएकी ऊन पडलं आणि बर्च एकदमच फुलले. रेडिओवर हवामानाआधी परागाच्या बातम्या सांगतात, त्यात रोज एकच शब्द, "विपुल". खिडकीच्या कठड्यावर पिवळी पूड बसायची, बोटाने नाव लिहावं इतकी. काउकोचे डोळे सुजून बटाट्यासारखे झाले. त्याच आठवड्यात शाळेच्या थांब्यावर त्याला शिंकांचा झटका आला आणि बसचा आरसा थांब्याच्या खांबाला घासून तुटला. कुणाला लागलं नाही. पण तार्मोने त्याला बोलावून कागद दिला.

राउनीने मला तो कागद दाखवला. सरळ लिहिलं होतं, पुन्हा असं घडलं तर बस चालवायची नाही.

"त्यानेच त्या तार्मोला गिअर टाकायला शिकवलं," राउनी म्हणाली. "आणि हा त्याला म्हणाला, झोप झाली नव्हती. नाकाचं बोललाच नाही."

"का नाही बोलला?"

"लाज वाटते त्याला. शिंकेमुळे नोकरी गेली असं कोण सांगेल?"

झोप खरोखर होत नव्हती. बंद नाकाने माणूस झोपणार कसा? मग त्याने राउनीच्या अंगाच्या खाजेवरच्या गोळ्या घ्यायला सुरुवात केली. जुन्या पद्धतीच्या, झोप आणणाऱ्या. शिंका थोड्या कमी व्हायच्या आणि झोपही लागायची, पण ती झोप दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अंगातून उतरायची नाही. डबीवर लाल त्रिकोण असतो, म्हणजे गाडी चालवू नये. नंतर त्याने स्वतः सांगितलं, "मी डबी धरताना अंगठा त्या त्रिकोणावर ठेवायचो. दिसला नाही की बरं वाटायचं."

मे महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी मी त्याच्या बसमध्ये होते, दाताच्या डॉक्टरकडे निघालेली. चढताना म्हटलं, "काळा चष्मा? सिनेमात घेतलं की काय तुला?"

तो हसला नाही. "मागे जाऊन बस, आइली."

मी मागे गेले नाही, पहिल्याच बाकावर बसले. त्याच्या मांडीवर रुमालांचा ढीग होता. दर लाल दिव्याला तो फवारा काढायचा. शाळेच्या थांब्यावर दोघी उभ्या होत्या, हात वर करून. बस तशीच पुढे गेली. मी म्हटलं, "काउको, थांबा गेला." त्याने मान अशी वर केली की मला कळलं, हा झोपेतून उठला. तरी मी काय बोलले? "त्या दोघींना चालायची सवय चांगली." मी अशीच आहे. भीती वाटली की जीभ अजून सैल सुटते.

मग पूल आला. पुलावर चढताना त्याला सुरू झालं. एक, दोन, तीन, मी सवयीने मोजायला लागले. चौथ्याला बस उजवीकडे सरकायला लागली. कडेने एक बाई सायकलवर चालली होती, मागच्या टोपलीत पावाची पिशवी. पाचव्याला मला तिची पाठ समोरच्या काचेत मोठी मोठी होताना दिसली. मी ओरडले की नाही, आठवत नाही. सहाव्याला ब्रेक लागला. सगळे पुढे फेकले गेले. सायकलवाली कठड्याला खेटून उभी राहिली, तिने मागे वळून पाहिलं, आणि काही न बोलता पुढे निघून गेली.

आमच्याकडे लोक मरतील पण बसमध्ये बोलणार नाहीत.

काउकोने अगदी हळू पूल ओलांडला, पुढच्या थांब्याला बस लावली, दगडाला चिकटवून, नेहमीसारखी. धोक्याचे दिवे लावले. इंजिन बंद केलं. मग माइक उचलून म्हणाला, "ही बस पुढे जाणार नाही. मागची वीस मिनिटांत येईल. माफ करा."

लोक उतरले. मी थांबले. "कुणाला काही झालेलं नाही, काउको."

"आज नाही झालं."

"तिने तक्रारसुद्धा केली नाही. कुणाला कळणार आहे?"

त्याने चष्मा काढला. डोळे म्हणजे दोन जखमा. "तुला कळलंय की," तो म्हणाला. "म्हणजे संध्याकाळपर्यंत गावाला." आणि मग त्याने स्वतःच फोन लावला. "तार्मो, काउको बोलतोय. पुलापुढच्या थांब्यावर गाडी उभी केलीय. दुसरा माणूस पाठव. नाही, गाडी ठीक आहे. मी ठीक नाही."

गावाला माझ्याकडून कळलं नाही, हे लिहून ठेवते. माझ्या आयुष्यातली ती एकच बातमी असेल.

त्या दिवसापासून काउको घरी. कंपनीने लेखी कळवलं, डॉक्टरचा दाखला येईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. पुढचं काय ते नंतर ठरेल. चार दिवस तो घराबाहेर आला नाही. वरून फक्त शिंका आणि खोलीतल्या खोलीत चालण्याचा आवाज. पाचव्या दिवशी भरदुपारी मला अंगणात खर्र खर्र ऐकू आलं. खिडकीतून पाहिलं तर काउको बनियनवर, करवत घेऊन, चौकटीजवळच्या पहिल्या बर्चला भिडलेला.

मी चपला न घालता खाली पळाले. झाडं सगळ्या रहिवाशांच्या मालकीची, एक फांदी तोडायची तरी सभा घ्यावी लागते; पण मला त्याची फिकीर नव्हती.

"चारच तोडणार?" मी म्हटलं. "मग तळ्यापलीकडचं जंगल कधी? आणि त्याच्या पुढे रशिया आहे, तिथे व्हिसा लागेल तुला."

तो थांबला नाही. खोड हलत होतं, आणि वरचे तुरे हलत होते, आणि दर झटक्याला पिवळा धूर खाली येत होता, त्याच्या डोक्यावर, खांद्यांवर, दांडीवर वाळत घातलेल्या राउनीच्या पांढऱ्या रजयांवर. त्याला शिंका सुरू झाल्या. शिंकत शिंकत कापत होता. मग श्वास घ्यायला तोंड उघडलं आणि घशातून शिट्टीसारखा आवाज आला. करवत तिथेच अडकली. तो गवतात बसला.

"मी माणूस मारला असता, आइली."

मी खोडात अडकलेली करवत ओढून पाहिली, ती हलेना.

"बावीस वर्षं," तो म्हणाला. "आणि एका झाडाच्या पिठाने..." पुढचं शिंकेत गेलं.

राउनी खाली आली होती. तिने त्याला उठवलं, अंग झटकलं आणि मला म्हणाली, "गाडी काढ." ती गाडी चालवत नाही, आणि काउकोने आता चाकाला हात लावणार नाही म्हणून शपथ घेतली होती.

दवाखान्यात नूतिनेन नावाची तरुण डॉक्टर होती. राउनीने मलाही आत ओढलं. "हा काही बोलणार नाही. तू चल. तुला सगळं ठाऊक असतं." काउकोने खांदे उडवले. डॉक्टरने आधी छाती तपासली, शिट्टीवाला श्वास ऐकला, श्वासाबरोबर आत ओढायचं औषध दिलं, आणि पुन्हा असा दम लागला तर थेट तातडीच्या विभागात यायचं म्हणून बजावलं. मग विचारायला लागली.

"सफरचंद खाल्लं की तोंड खाजतं?"

"खाजतं. पण हल्ली सफरचंदच वाईट येतात."

"हेझलनट? कच्चं गाजर?"

तो चमकला. "गाजराचं तुम्हाला कोणी सांगितलं?" त्याने माझ्याकडे पाहिलं. मी हात वर केले.

"बर्चने सांगितलं," डॉक्टर म्हणाली. "त्यांच्यात बर्चसारखंच काहीतरी असतं, म्हणून शरीर फसतं. त्रास सगळ्यात जास्त कधी होतो?"

"अंथरुणात."

"रोज सारखाच?"

त्याने विचार केला. "नाही. शनिवारी सौना झाला की रात्री सगळ्यात वाईट. स्वच्छ चादरीत."

"चादरी कुठे वाळवता?"

राउनीच्या मांडीवर तिची पर्स होती, तिचा चाप ती उघडत होती, बंद करत होती. शेवटी म्हणाली, "अंगणात. बर्चखाली. आणि रजयाही. मला वाटलं धूळ आहे." मग फारच हळू, "पाच वर्षं मी ते त्याच्या उशीत भरून आणत होते?"

"तुम्ही एकट्या नाही," डॉक्टर म्हणाली. "या गावातली अर्धी घरं मे महिन्यात हेच करतात."

राउनीला त्याने काही बरं वाटलं नाही. मलाही नाही. मोकळ्या हवेचं मी बोलले होते.

मग डॉक्टरने काउकोला फवाऱ्याबद्दल विचारलं. दिवसातून किती वेळा? तो म्हणाला चार. राउनी म्हणाली दहा. मी म्हटलं, तीन दुकानांचं मिळून की एकाचं?

डॉक्टर हसली नाही. "तुमच्या नाकात दोन आजार आहेत," ती म्हणाली. "एक बर्चने दिलाय. त्या परागात विष वगैरे काही नाही. तुमचं शरीर म्हणजे पोस्टमनवर भुंकणारं कुत्रं झालंय. तो बिचारा पत्र टाकायला येतो, आणि हे घर डोक्यावर घेतं. शिंका, पाणी, सूज, सगळं ते भुंकणं आहे. दुसरा आजार तुम्ही स्वतः ओढवलात. तो फवारा आतल्या रक्तवाहिन्या आवळतो. असर उतरला की त्या आधीपेक्षा जास्त फुगतात. मग तुम्ही पुन्हा मारता. आता तुमचं नाक बर्चशिवायही बंद राहतं, ते फवाऱ्यामुळे."

"मी जन्मलो बर्चखाली," काउको म्हणाला. "पन्नाशीत कसली अॅलर्जी?"

"कधीही सुरू होते. तुमचीच का, आणि आत्ताच का, ते मलाही सांगता येणार नाही."

तिने उपाय सांगितले तेव्हा काउकोचा चेहरा पडला, कारण त्यात दोन मिनिटांत दार उघडणारं काहीच नव्हतं. तो जुना फवारा आजपासून बंद. त्याऐवजी स्टेरॉइडचा दुसरा फवारा, रोज, न चुकता. तो लगेच काही करत नाही, आठवडा-दोन आठवडे लागतात. झोप न आणणाऱ्या नव्या गोळ्या. डोळ्यांत थेंब. मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुणं. बाहेरून आल्यावर केस धुणं. खिडक्या बंद, चादरी तळघरातल्या वाळवण्याच्या खोलीत. पुढच्या वर्षी बर्च फुलायच्या कितीतरी आधी, बर्फ असतानाच औषध सुरू करायचं. शिवाय रक्त तपासून बर्चच नक्की ठरलं तर शरीराला हळूहळू त्या परागाची ओळख करून देणारा उपचारही आहे, तीन वर्षांचा.

"आणि गाडी?" त्याने विचारलं. सगळ्या भेटीत त्याने स्वतःहून विचारलेला हा एकच प्रश्न.

"आत्ता नाही. मी तसा दाखला देऊ शकत नाही."

पुढचे दोन आठवडे मी कुणावर येऊ नयेत म्हणते. जुना फवारा सोडल्यावर नाक असं मिटलं की तो तोंड उघडं ठेवून खुर्चीत बसून झोपायचा. जेवणाची चव नाही. राय धान्याची काळी भाकरी आणि पुठ्ठा त्याला एकच. राउनीने घरातल्या डब्या शोधून काढल्या. बुटात एक, पियानोत एक, कॉफीच्या डब्यात एक. नवव्या दिवशी माझी बेल वाजली. दारात काउको, दाढी वाढलेली, ओठ फुटलेले.

"तुझ्याकडे आहे," तो म्हणाला. "हिवाळ्यात तुला सर्दी झालेली. आरशाच्या कपाटात."

"तुला माझं कपाट कसं ठाऊक?"

"एकच थेंब, आइली. एका नाकपुडीत. आज झोपू दे, उद्यापासून परत सोडतो."

"नाही देणार."

"तुझं काय जातंय?" त्याचा आवाज चढला. जिन्यात दारं किलकिली झाली असणार. "तुला कसली कळणार माझी कळ. तुझं नाक कायम दुसऱ्यांच्या घरात. स्वतःचं वापरलंयस कधी?"

बोलला ते खरंच होतं, त्यामुळे जास्त लागलं. मी दार लावून घेतलं, कपाट उघडलं, आणि सांगायला लाज वाटते, डबी हातात घेऊन बराच वेळ उभी राहिले. द्यावीशी वाटत होती. दाराच्या फटीतून त्याचा तोंडाने चाललेला श्वास ऐकू येत होता. शेवटी मी ती मोरीत रिकामी केली आणि बाहेर येऊन रिकामी डबी त्याच्या हातात दिली. त्याने ती दाबून पाहिली. दोनदा. मग जिन्याच्या पायरीवर बसला आणि रडला. मी शेजारी बसले. विनोद एकही केला नाही.

बाराव्या दिवशी एक नाकपुडी उघडली. त्याने खाली येऊन मला दाखवली, जणू सोन्याचा दात बसवलाय.

पण नोकरीचं तसं झालं नाही. जूनमध्ये कंपनीच्या डॉक्टरने सांगितलं, आत्ता बर्च संपलेत, आत्ता कुणीही ठीकच दिसेल. पुढचा एक मोसम नीट जाऊ दे, मग बघू. तोवर आगारात बस धुण्याच्या छपराखाली काम. चार नंबर दुसऱ्याला दिली. तो उन्हाळा, तो हिवाळा काउको पाण्याच्या नळीमागे उभा राहिला. त्याच्या बसवर घड्याळ लावणाऱ्या म्हाताऱ्यांनी त्याची चौकशी करणं हळूहळू सोडलं. राउनी म्हणायची, "तो जेवताना बोलत नाही." मी म्हणायचे, "तो कधी बोलायचा?" पण मलाही वरची शांतता ऐकू यायची. शिंकांपेक्षा ती वाईट होती.

मार्चमध्ये, अंगणात गुडघाभर बर्फ असताना, त्याने औषध सुरू केलं. रोज सकाळी, दात घासल्यावर. चादरींसाठी राउनीने तळघरातल्या खोलीच्या अशा पाळ्या बळकावल्या की माझे टॉवेल पंधरा दिवस ओले राहिले; त्यावरून आमचं भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही. परागाचा उपचार शरद ऋतूपासून होणार होता.

मग मे आला. रेडिओवर पुन्हा "विपुल". मी पहाटे जागी होते. पावणेपाच. वर पावलं वाजली, नळ वाजला. एक शिंक. मग बऱ्याच वेळाने दुसरी. संपलं.

आठवड्याने तार्मोने त्याला गाडीवर बोलावलं. रिकामी बस, काउको चाकावर, तार्मो शेजारी, चार नंबरची पूर्ण वाट, दोन फेऱ्या, पिवळी हवा असताना. परतल्यावर जे झालं ते राउनीला तार्मोनेच सांगितलं, आणि राउनीने मला, रागाने लाल होऊन.

तार्मो म्हणाला होता, "सोमवारपासून ये. चार नंबर तुझी."

काउको त्याच्या टेबलापुढे किल्ल्या हातात घेऊन बसला होता. "मला दोन शिंका आल्या," तो म्हणाला.

"दोनच. मी मोजल्या. गाडी एक इंच हलली नाही."

"शिंकताना डोळे मिटतात. सेकंदभर धर. पन्नासच्या वेगाने सेकंदाला चौदा मीटर. दोन म्हणजे अठ्ठावीस. बसच्या लांबीच्या दुपटीपेक्षा जास्त, आणि तेवढं मी न बघता चालवलं."

"काउको, सगळेच शिंकतात. मीही शिंकतो."

"तू पुलावर नव्हतास." त्याने किल्ल्या टेबलावर ठेवल्या. "बर्च संपेपर्यंत नाही. जूनपासून दे. पुढच्या वर्षी मेमध्ये एकही आली नाही तर मेमध्येही दे."

"जूनपर्यंत चार नंबर राहीलच असं नाही सांगू शकत. वरचे विचारतील."

"विचारू देत."

राउनी माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली. "वर्षभर वाट पाहिली, आइली. दिलेली गाडी परत केली. वेडा आहे का तो?"

मी तिच्यापुढे कॉफी ठेवली. जिभेवर तीन-चार गोष्टी आल्या होत्या, चांगल्या होत्या. एकही बोलले नाही.

जून उजाडायला अजून सतरा दिवस आहेत, आणि कंपनीने अजून काही कळवलेलं नाही. काल मी आगारावरून आले. तो छपराखाली होता, तोंडाला मास्क, हातात नळी. चार नंबर नुकतीच आत आली होती, छतापासून काचेपर्यंत पिवळी. त्याने नळी वर धरली आणि बसच्या टपावरून धुवायला सुरुवात केली.